न्यूट्रॉनांची ओहोटी कशी मोजाल?

१८ मे १९७२ रोजी मुंबईतील तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘पूर्णिमा’ ही प्लुटोनियम ऑक्साइडवर चालणारी द्रुत अणुभट्टी क्रांतिक झाली. अशी मांडणी क्रांतिक स्थितीच्या अलीकडे असताना तीत न्यूट्रॉनांचा झोत क्षणभर सोडला, तर त्यांची संख्या ओसरू लागते. क्रांतिक स्थिती जितकी जवळ, तितकी ही ओहोटी मंद. म्हणून ओहोटीचे मोजमाप चुकले, तर सुरक्षिततेचा अंदाजही चुकतो.

न्यूट्रॉनवर विद्युत्‌भार नसतो. त्याला दुसऱ्या कणामार्फतच ओळखावे लागते. बोरॉन ट्रायफ्लुओराइड गणित्रात बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळतो व आल्फा कण सुटतो. पण हे मंद न्यूट्रॉनांनाच चांगले साधते. २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २ कोटी मीटर धावतो. मंदावलेला अवघा २,२०० मीटर. मंद करण्यासाठी मेणाचे आवरण घातले, की न्यूट्रॉन त्यात शंभराहून अधिक मायक्रोसेकंद रेंगाळू शकतात. द्रुत मांडणीतील ओहोटी तर काही मायक्रोसेकंदांतही आटोपते! पाझरत्या मडक्याखालचे थेंब मोजून पाणी किती झटकन ओतले, हे कळेल काय?

चमक-गणित्रात न्यूट्रॉन प्रोटॉनला धक्का देतो आणि काही नॅनोसेकंदांत प्रकाश चमकतो. मात्र गॅमा किरणांनीही चमक होते. ती वेगळी काढावी लागते. भंजनकक्षात युरेनियम-२३५ चे तुकडे मोठा स्पंद देतात, त्यामुळे गॅमाचा उपद्रव होत नाही. पण युरेनियमचा थर पातळ असल्याने थोडेच न्यूट्रॉन मोजले जातात.

तेव्हा मित्रहो, साधन निवडताना आधी एवढे पाहावे : ते घटनेपेक्षा चपळ आहे ना?