गोळी एकाची, पातेलं सगळ्यांचं

वस्तीत बीपी-शुगर तपासायला बसलो की आम्हाला एक गोष्ट हमखास दिसते. घरातल्या एकाचा आकडा जास्त निघाला की बाकीचे निर्धास्त होतात. ‘आमच्यात फक्त ह्यांनाच आहे हो सिस्टर.’ मग ‘ह्यांच्या’साठी कमी तिखट-मिठाची भाजी वेगळ्या वाटीत निघते. बाकीच्यांचं जेवण होतं तसंच राहतं. दोनेक महिन्यांनी आम्ही पुन्हा जातो तेव्हा ती वाटी बंद झालेली असते. समोर सगळे लोणचं-पापड खात असताना एकट्याने अळणी जेवायचं, हे किती दिवस जमणार? यात त्या माणसाचा निश्चय कमी पडला असं आम्ही म्हणत नाही. व्यवस्थाच चुकीची होती.

सवयी एकेकट्या माणसाच्या नसतात, घराच्या असतात. चहात साखर किती, हे आपल्याकडे कपात ठरत नाही, आधणात ठरतं. मीठ ताटात नाही, फोडणीनंतर पातेल्यात पडतं. मशेरीची डबी खिडकीत ठेवलेली असते, ती सासूची, सुनेची आणि शेजारणीचीही. वाईट सवय या वाटेने घरभर पसरते. चांगली सवयही याच वाटेने पसरू शकते, आणि हे आता मोजून पाहिलेलं आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या ३,७२२ जोडप्यांची माहिती तपासली. ते काम २०१५ साली प्रसिद्ध झालं. बायको सिगारेट ओढतच राहिली, अशा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांपैकी फक्त ८ टक्क्यांनी सिगारेट सोडली. बायकोनेही सोडली, तिथे ४८ टक्के नवऱ्यांनी सोडली. व्यायामाचंही तसंच. बायकोने हालचाल वाढवली तिथे ६७ टक्के पुरुषांनी वाढवली, तिने नाही वाढवली तिथे २६ टक्क्यांनी. बायकांचे आकडे जवळपास असेच आहेत.

त्याच अभ्यासातली एक बाब आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. सिगारेट ओढणाऱ्या ज्या बायकांचा नवरा आधीपासूनच ओढत नव्हता, त्यांच्यापैकी १७ टक्क्यांनी सिगारेट सोडली. ज्यांचा नवरा त्यांच्याच बरोबर सोडत होता, त्यांच्यातल्या ५० टक्के सुटल्या. म्हणजे ज्याला कधी व्यसनच नव्हतं अशा शहाण्या माणसाच्या सोबतीपेक्षा, आपल्याबरोबर धडपडणाऱ्याची सोबत जास्त कामाला येते. शाळेत तंबाखूविरोधी चित्र काढून आलेला नातू आजीला रोज सुनावतो. आजी हसते आणि डबी उघडते. पण जाऊबाई म्हणाली, ‘चल, उद्यापासून दोघी नाही लावायची,’ तर गोष्ट वेगळी होते.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. तिथली ३२ वर्षांची माहिती पाहून २००८ साली असंच दिसलं, की नवरा-बायकोपैकी एकाने धूम्रपान सोडलं की दुसरा ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते. भावंडांमध्ये ती २५ टक्क्यांनी कमी होते. ही माणसं मोठ्या घरांत राहणारी. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण राहतात. एकाने विडी पेटवली तर धूर सगळ्यांच्या छातीत जातो, पाळण्यातल्या लेकराच्यासुद्धा. आमच्या मते अशा घरात एकाचा परिणाम दुसऱ्यावर जास्तच होत असणार, दोन्ही बाजूंनी.

मशेरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिला आपण व्यसन म्हणतच नाही, दात घासणं म्हणतो. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटली की ती मशेरी. भाजली म्हणून तिच्यातली तंबाखू जात नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३५.५ टक्के प्रौढ पुरुष आणि १७ टक्के स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या. म्हणजे सहा बायकांमागे एक. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे पुष्कळ.

आता ही सून मशेरी लावायला कुठे शिकली? बहुतेक वेळा माहेरी, आजीच्या डबीतून, दात दुखतो म्हणून. पुढे सासरी डबी आयती मिळते. म्हणून गरोदर सुनेला एकटीला ‘सोड’ म्हणून भागत नाही. डबी घरातून जायला हवी, आणि ती सासूबाईंनी उचलली तरच जाते. सासूबाईंनी स्वतः सोडली तर उत्तमच. पहिला आठवडा जड जातो. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. बऱ्याच जणी पोट साफ होण्याच्या कारणानेच परत लावतात. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, ताकद असेल तसं चालणं, याने ते सावरतं. दोन ते चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. दोघी एकदम सोडत असतील तर त्या दिवसांत घरात भांडी जरा जोरात आपटतील, तेवढं घरच्यांनी ऐकून घ्यावं.

पातेल्याकडे वळू या. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात पाव, फरसाण, पापड, लोणचं, खारवलेली सुकी मासळी यांतलं मीठही धरायचं. घरी मोजायला तराजू नको. मिठाची एक किलोची पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. पाच मोठ्या माणसांच्या घरात ती चाळीस दिवसांच्या आत संपली, तर मीठ नक्की जास्त होतंय. एकदम अर्धं करू नका, घरात बंड होईल. दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी करत जा. जिभेला कळतही नाही, काही आठवड्यांत तिला तीच चव बरोबर वाटू लागते. खारी सुकी मासळी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या. मिठाचं भांडं जेवताना मध्ये ठेवू नका. तेलालाही हीच तारखेची युक्ती लावता येते, माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास.

साखरेचा हिशोब चहातच होतो. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे आठ चमचे, साधारण ३२ ते ४० ग्रॅम. दिवसाची वरून घेतलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर चांगलं. ज्याला शुगर आहे त्याचा कप साखर टाकण्यापूर्वीच गाळून बाजूला काढा, आणि उरलेल्या आधणात दर आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी टाका.

इथे एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. पुरुषाला शुगर निघाली की घर हलतं. त्याच्यासाठी ज्वारीची भाकरी होते, चहा वेगळा होतो, गोळीची वेळ बायको लक्षात ठेवते. बाईला शुगर निघाली की घर जागेवरच राहतं. ती सगळ्यांसाठी नेहमीचंच करते, शेवटी बसते आणि उरलेला भात खाते, कारण टाकायचा कसा? तिची गोळी ‘कामाच्या नादात राहिली’ असते. आम्ही विचारतो, ‘ताई, तुमच्यासाठी काय बदललं?’ त्या हसून म्हणतात, ‘माझं काय एवढं.’ पातेलं तिच्या हातात आहे, हे खरं. पण त्यात काय शिजावं हे ती एकटी ठरवत नाही. ‘आज भाजीला चवच नाही’ हे एक वाक्य नवऱ्याने किंवा मुलाने म्हटलं, की दुसऱ्या दिवशी मीठ पूर्ववत होतं. म्हणून घरातल्या पुरुषांना आमचं काम एवढंच आहे: महिनाभर ते वाक्य म्हणू नका. आणि ज्या बाईला शुगर आहे तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढा, शेवटी नको.

चालायला वस्तीत जागा नाही, ही तक्रार खरी आहे. एकटी बाई संध्याकाळी रस्त्यावर चालू लागली की चार जण विचारतात, कुठे निघालीस. तिघी-चौघी निघाल्या की कोणी विचारत नाही. विहारातून परतताना दोन गल्ल्यांचा फेरा जास्त घेतला तरी सुरुवात होते.

सगळं घर एकत्र बदलायचं म्हणजे सगळ्यांना एकच माप लावायचं, असं मात्र नाही. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांचं जेवण कमी करायचं नाही. त्यांना डाळ, अंडी, मासळी, शेंगदाणे भरपूर हवेत, मीठ-साखर तेवढी बेताची. किडनीचा आजार असेल तर बाजारातलं ‘कमी सोडियमचं’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यात पोटॅशियम असतं, ते अशा रुग्णाला धोक्याचं ठरतं. खाणं-चालणं सुधारलं म्हणून बीपी-शुगरची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण घटलं आणि चालणं वाढलं, तर साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं, ही तिची लक्षणं. माणूस शुद्धीत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. हे घरातल्या मुलांनाही माहीत असावं, कारण दुपारी घरात तीच असतात.

तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत फोन आहे. घरातल्या तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. एकटे जाऊ नका, एकाच दिवशी सगळे जा. जाताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.