शब्द अडले तरी वाचत राहा

प्रश्न : मी इंग्रजी माध्यमात शिकले. रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचायला घेतली, पण पानोपानी शब्द अडतात. दर वेळी कोश उघडला की गोष्टच सुटते. काय करू?

उत्तर : कोश बाजूला ठेवून आधी प्रकरण संपवा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढा नि पुढे चला. १९६२ साली आलेली ही कादंबरी माधवराव पेशव्यांची. दरबार, फौज, हिशेब यांतले फारसीतून आलेले शब्द तिच्यात असणारच. मसलत, खलिता, सरंजाम यांसारखे शब्द दोन-चार प्रसंगांत भेटले की बराचसा अर्थ उलगडतो. पुन्हा पुन्हा येऊनही जे उमगत नाहीत, तेवढेच कोशात पाहा. मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत. मला दाते-कर्वे अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो जुन्या ग्रंथांतली आणि पत्रांतली उदाहरणे देतो. वहीत नुसता अर्थ लिहू नका, अख्खे वाक्य उतरवा. आणि संवाद मोठ्याने वाचाच! देसाई नाटककारही होते. सुरुवातीची पाने जड जातील. तेवढ्यावरून पुस्तक खाली ठेवू नका.