ऊस भिजला का, हे सांगणारी पेटी रोज ‘एरर’ का म्हणते?

प्रश्न : बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे उसातले सेन्सर पाहून माझ्या मुलाने आमच्या रानात जमिनीतला ओलावा मोजणारी पेटी बसवली. आत लिनक्स आहे. लाईट आली की पेटी सुरू होते आणि पडद्यावर ‘एरर -५१७’ उमटतं. पुढे काम मात्र बिनचूक. काही बिघडलंय का?
– एक वाचक, ता. इंदापूर

उत्तर : नाही. सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्याने एका साध्या निरोपाला नको तितका गंभीर दर्जा दिलाय.

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. त्यातल्या प्रत्येक निरोपाला ० ते ७ पैकी एक पातळी असते. आकडा लहान तितका प्रसंग बाका : ० म्हणजे यंत्र वापरण्यालायकच उरलं नाही, ३ म्हणजे एरर, ४ वॉर्निंग, ६ नुसती माहिती, आणि ७ डीबग, म्हणजे कोड लिहिणाऱ्यापुरती. ही उतरंड एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कलीत लिहिलेल्या सिसलॉग या निरोप नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममधून आली.

आता तुमचं -५१७. या सेन्सरला ज्याची गरज आहे, उदाहरणार्थ त्याचा वीजपुरवठा सांभाळणारा दुसरा ड्रायव्हर, तो अजून तयार नाही. मला नंतर बोलवा, एवढाच त्याचा अर्थ. कर्नेल थोड्या वेळाने पुन्हा बोलावतो आणि काम मार्गी लागतं. २०१२ पासून ही सोय आहे. सेन्सर शेवटपर्यंत सुरूच झाला नसता, तर गोष्ट वेगळी होती.

ज्यावर कर्नेल स्वतःच इलाज करणार आहे, त्याला एरर म्हणणं चूकच. पातळी ठरवताना विचारावं : हे वाचून कुणी काय करायचं आहे? काहीच करायचं नसेल, तर तो निरोप सातव्या पातळीचा. हवामान खात्याने रोजच्या भुरभुरीला रेड अलर्ट दिला, तर नीरेला खरंच पूर येईल त्या दिवशी कोण हलेल? म्हणूनच २०२० मध्ये कर्नेलमध्ये ‘डेव्ह-एर-प्रोब’ हे फंक्शन आलं. कारण -५१७ असेल तर ते निरोप डीबग पातळीवर ठेवतं, खरा बिघाड असेल तरच एरर छापतं. मुलाने ड्रायव्हरमध्ये ते वापरलं की पडदा स्वच्छ होईल.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच ओळीची. शेतीची लाईट पाळीने येते-जाते. मेमरी कार्डावर लिहिणं चालू असताना ती गेली, तर कार्ड खराब होऊ शकतं. मग ‘आय/ओ एरर’ उमटतं, तेही तिसऱ्याच पातळीचं, आणि रोजच्या -५१७ च्या गर्दीत नजरेतून सुटतं. शिवाय कर्नेलची नोंदवही मर्यादित जागेची. भरली की जुन्या ओळींवर नव्या चढतात.

मुलाला डीमेसेज ही कर्नेलचे निरोप दाखवणारी कमांड एररच्या पातळीपुरती चालवायला सांगा. मेमरी कार्डाचं नाव असलेली एक जरी ओळ दिसली, तरी ओलाव्याच्या जुन्या नोंदी आधी दुसरीकडे उतरवून घ्या, मग कार्ड बदला.