सहाव्या वर्षी येणारी दाढ



मागल्या पावसाळ्यात आपल्या तिसरीतला एक मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला तो गालाला रुमाल बांधून. गाल टम्म सुजलेला. काय झाले म्हणून विचारले तर त्याला बोलता येईना. सोबत आई होती, ती म्हणाली, "दाढ दुखते जी गुरुजी. पण दुधाचीच त आहे, पडून जाईन."

मुलाला खिडकीपाशी उजेडात नेले आणि तोंड उघडायला लावले. खाली डाव्या बाजूची सर्वांत मागची दाढ काळी पडली होती व तिच्या मधोमध खड्डा होता. मी पुढच्या मधल्या दातापासून मोजत मागे गेलो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ती सहावी दाढ होती, आणि सहावी दाढ दुधाची नसते. ती कायमची असते.

आईला हे ठाऊक नव्हते यात तिचा काही दोष नाही. मलासुद्धा नोकरीला लागून बरीच वर्षे झाल्यावर ते कळले.

आता हे नीट समजून घेऊ. बाळाला साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात पुरे होतात. १० वर, १० खाली. म्हणजे प्रत्येक बाजूला, प्रत्येक जबड्यात ५. पुढे सहाव्या-सातव्या वर्षी समोरचे दात हलू लागतात, पडतात, आणि घरात सर्वांचे लक्ष त्या खिंडीकडे जाते. पोरे एकमेकांना बोळके म्हणून चिडवतात. नेमके त्याच सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, मोकळ्या हिरडीतून, एकेक नवी दाढ वर येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून ती आली हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. अशा ४ दाढा. सहाव्या वर्षी येणारी सहाव्या नंबरची दाढ, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. जेवण चावण्याचे मोठे काम जन्मभर हिलाच करायचे असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी उगवत नाही.

आणि किडते तीच फार. का बरे? एक तर तिच्या माथ्यावर खोल घळी असतात. भात, पोहे, बिस्किटाचा लगदा त्यात जाऊन बसतो. दुसरे म्हणजे ती हळूहळू वर येते. पुष्कळ महिने ती शेजारच्या दाढेपेक्षा ठेंगणी असते. ब्रश नेहमीसारखा मागे-पुढे फिरवला तर तो उंच दाढेवरून सरकतो आणि ठेंगणीला लागतच नाही.

कीड म्हणजे अळी नव्हे, हेही सांगून ठेवतो. काही ठिकाणी अजून रिंगणीच्या बियांचा धूर देऊन दाढेतले 'किडे पाडतात'. दाढेत किडे नसतात. डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ खाल्ले की त्यापासून ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे वरचे कवच झिजते. हे कवच आपल्या शरीरातला सर्वांत टणक पदार्थ आहे, हाडापेक्षाही टणक, तरी झिजते. लाळ हे आम्ल धुऊन काढते, पण तिला त्यासाठी अर्धा-एक तास लागतो. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे मोठे. जेवणासोबत मोहफुलांचा लाडू खाल्ला तर तेवढे बिघडत नाही. पण खिशात गोळ्या-बिस्किटे ठेवून दिवसभर एकेक तोंडात टाकत राहिले तर लाळेला उसंतच मिळत नाही. झोपेत तर लाळ फार कमी सुटते. सकाळी दात घासण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे; रात्रीची नाही. खरी गरज रात्रीच्या घासण्याची आहे.

आता घासायचे कशाने? कडुनिंबाची, बाभळीची, करंजाची काडी आपले आजोबा-पणजोबा वापरत आले. ती वाईट नाही. पण लहान मुलाच्या तोंडात ती मागच्या दाढेच्या घळीपर्यंत पोचत नाही. राख, कोळसा, विटेची भुकटी मात्र नको. त्याने कवच खरवडते. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट चांगली. ३ वर्षांखालच्या लेकराला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पिळलेली दिसते तेवढी नव्हे! पेस्ट गिळायची नाही, थुंकायची.

इथे आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. थोडे फ्लोराइड दाताला बळकट करते. पण लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलेले पाणी लहानपणी रोज पोटात गेले, तर हिरडीखाली घडत असलेल्या कायमच्या दातांवर पांढरे पट्टे, पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते घासून जात नाहीत. पाणी उकळूनही फ्लोराइड कमी होत नाही. पाणी तपासून दुसरा स्रोत शोधावा लागतो. तेव्हा अशा मित्राला "काऊन रे, दात घासत नाही का?" म्हणून कोणी हसू नये. तो तुमच्यापेक्षा जास्त घासत असेल.

आणखी एक गोष्ट, जरा स्पष्टच लिहितो. पुष्कळ घरी मोठी माणसे सकाळी मशेरी, गुडाखू नाहीतर नस दातांना लावतात. शेजारी बसलेले लेकरू तेच करते. कधी दाढ दुखली म्हणून मोठेच त्याच्या हिरडीवर बोट फिरवतात. घटकाभर बधिर वाटते, दाढ आत किडतच राहते, आणि तंबाखूची सवय मात्र लागून जाते. तंबाखू घातलेली दंतमंजने व पेस्ट यांवर १९९२ सालीच देशात बंदी आली आहे. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान गावोगाव दारू-तंबाखूविरुद्ध काम करते आहे. तरी पन्नीत घोटलेला खर्रा शाळेच्या वाटेवर दिसतोच. महाराष्ट्र शासनाने मे २०२३ मध्ये स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमले. क्रिकेटवेड्या मुलांनी हेही ध्यानात ठेवावे.

पालकांसाठी कृती सांगतो. ७-८ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला नीट वळण नसते. त्याने आधी घासावे, मग आई, बाबा, आजी कोणीही एकदा आपल्या हाताने घासावे. रात्रीचे जेवण झाले की ओसरीवर दिव्याखाली बसा, मुलाचे डोके मांडीवर घ्या. म्हणजे तोंडाच्या आतले दिसते. सहाव्या दाढेवर ब्रश आडवा धरा, गालाच्या बाजूने आत घाला आणि तिथेच दहा-बारा वेळा हलवा. मग बाकीचे दात. सगळे मिळून २ मिनिटे. नंतर फार चुळा भरू नयेत, नुसते थुंकावे. त्यावर दूध नाही, बिस्किट नाही.

घळीत काळा ठिपका दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका. दुखत नाही तोवरच दाढ भरून वाचते. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, ते दातही पाहते आणि गरज असल्यास रुग्णालयाची चिठ्ठी देते. ती चिठ्ठी दप्तरात विसरू नका.

आपल्या त्या मुलाची दाढ काढावी लागली. फार उशीर झाला होता. बाकीच्या तीन सहाव्या दाढा शाबूत आहेत आणि आता रोज रात्री त्याची आई त्या घासून देते. पहिलीत असलेल्या त्याच्या बहिणीला खाली उजवीकडे सहावी दाढ नुकतीच फुटते आहे. ती तिने स्वतःच जिभेने शोधून काढली.

या भित्तिपत्रकाच्या डाव्या बाजूला खिळ्याला आरसा टांगला आहे. पालकहो, आल्यासारखे मुलाला उजेडाकडे तोंड करून उभे करा आणि पुढून सहापर्यंत मोजा.