चालकाविना मोटार आणि सारथ्याचा आनंद

बाजारहाट आटोपून रात्री परतणाऱ्या शेतकऱ्याने बैलगाडीत घोंगडी अंथरून डोळे मिटावे आणि बैलांनी गाडी बिनचूक घराच्या दारात आणून उभी करावी, हा अनुभव ग्रामीण महाराष्ट्राला नवा नाही. कासरा सैल सोडला तरी बैल वाट सोडीत नसत. तथापि वाटेत ओढा लागला, अवघड उतार आला किंवा समोरून दुसरी गाडी आली, की तोच शेतकरी जागा होऊन कासरा हाती घेत असे. बैलांवर कोठे विसंबावे आणि कोठे जागे व्हावे, हे त्याला अनुभवाने ठाऊक असे. जगातील काही शहरांत आज चालकाविना धावणाऱ्या मोटारींनी हाच प्रश्न नव्या रूपात आपल्यापुढे उभा केला आहे. मोटार यंत्राने चालवावी की माणसाने? यंत्राने चालविल्यास काय साधेल आणि काय गमवावे लागेल? या प्रश्नाशी प्रवाशांची सुरक्षितता, लाखो चालकांची उपजीविका आणि स्वतःच्या हाताने गाडी हाकण्याचा आनंद या तिन्ही गोष्टी निगडित आहेत. त्यांचा साकल्याने विचार करण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

वाळवंटातील शर्यत

मोटारीने आपणहून चालावे यासाठीचे प्रयत्न पुष्कळ जुने आहेत. जर्मनीतील प्रा. एर्न्स्ट डिकमान्स यांनी म्युनिक येथील सैनिकी विद्यापीठात एका मोठ्या गाडीवर कॅमेरे व संगणक बसविले आणि १९८७ च्या सुमारास ती रिकाम्या महामार्गावर ताशी सुमारे ९६ कि.मी. वेगाने चालवून दाखविली. १९९५ साली त्यांच्या मोटारीने म्युनिकहून डेन्मार्कमधील ओडेन्सेपर्यंत जाऊन-येऊन प्रवास केला. त्यातील बहुतांश अंतर यंत्राने कापले. माणसाला अधूनमधूनच हस्तक्षेप करावा लागला.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा अमेरिकेत गाठला गेला. तेथील संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने १३ मार्च २००४ रोजी मोहावी वाळवंटात चालकरहित वाहनांची शर्यत भरविली आणि १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. मार्ग सुमारे २२८ कि.मी. लांबीचा होता. १५ वाहनांपैकी एकही शेवटपर्यंत पोहोचले नाही. सर्वांत पुढे गेलेले कार्नेगी मेलन विद्यापीठाचे वाहनदेखील सुमारे १२ कि.मी.वरच अडकून पडले. परंतु ८ ऑक्टोबर २००५ रोजी झालेल्या दुसऱ्या शर्यतीत पाच वाहनांनी पूर्ण मार्ग पार केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’ ही मोटार सुमारे २१२ कि.मी. अंतर ६ तास ५४ मिनिटांत कापून पहिली आली. अपयशानंतर दीड-पावणेदोन वर्षांतच मिळालेले हे यश उद्योगजगताचे लक्ष वेधून घेणारे ठरले. २००९ साली गूगल कंपनीने स्वतःचा प्रकल्प हाती घेतला. त्यातूनच पुढे २०१६ साली ‘वेमो’ ही स्वतंत्र कंपनी निघाली. ऑक्टोबर २०२० मध्ये या कंपनीने फिनिक्स शहर परिसरात चालक नसलेल्या टॅक्सीची सेवा सर्वसामान्य नागरिकांना खुली केली, आणि २०२४ साली ती सॅन फ्रान्सिस्को शहरातही सर्वांसाठी सुरू झाली.

यंत्र रस्ता कसा पाहते?

मनुष्य दोन डोळे, दोन कान आणि अनुभव यांच्या बळावर गाडी चालवितो. चालकरहित मोटारीला या कामी तीन प्रकारची साधने दिलेली असतात. कॅमेरे रंग, रेषा, दिवे आणि फलक टिपतात. रडार रेडिओलहरी सोडून पुढील वाहनाचे अंतर व वेग मोजते. धुके वा पाऊस यांचा त्याच्यावर कमी परिणाम होतो. लिडार हे साधन लेसर किरणांचे असंख्य स्पंद चोहोबाजूंना फेकते आणि ते परत येण्यास लागलेल्या वेळावरून सभोवतालचे त्रिमितीय चित्र तयार करते. हे सारे चित्र संगणक आपल्याजवळील तपशीलवार नकाशाशी पडताळून पाहतो, समोरची वस्तू कोणती ते ठरवितो आणि पुढील काही सेकंदांत ती कोठे जाईल याचा अंदाज बांधतो. या अंदाजावरच वेग कमी करणे, वळणे वा थांबणे यांचा निर्णय अवलंबून असतो.

स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मोटार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ साली निश्चित केल्या. पहिल्या दोन पायऱ्यांवर यंत्र केवळ मदतनीस असते. लक्ष माणसानेच ठेवावयाचे असते. तिसऱ्या पायरीवर ठरावीक परिस्थितीत यंत्र गाडी चालविते, पण हाक मारताच माणसाने चाक हाती घ्यावयाचे असते. चौथ्या पायरीवर ठरावीक प्रदेशापुरती माणसाची गरज उरत नाही. कोठेही, केव्हाही आणि कोणत्याही हवामानात आपणहून चालणारी पाचव्या पायरीची मोटार अद्याप रस्त्यावर आलेली नाही.

हाताला लागलेली विद्या

गाडी चालविणे हे केवळ इकडून तिकडे जाण्याचे साधन असते, तर त्याविषयी कुणी एवढ्या जिव्हाळ्याने बोलले नसते. नवशिक्याचा पहिला आठवडा आठवून पाहावा. क्लच सोडताना गाडी आचके देते आणि भर चौकात बंद पडते. मागून हॉर्न वाजू लागतात. काही महिन्यांनी तेच हात आणि तेच पाय न सांगता आपापले काम करू लागतात. इंजिनाच्या आवाजावरून गिअर केव्हा बदलावा ते कळते. गाडीची रुंदी अंगवळणी पडते. शरीर, यंत्र आणि रस्ता यांचा हा मेळ जमला म्हणजे मनाला जे समाधान लाभते, ते सुतार, कुंभार वा तबलावादक यांच्या समाधानाच्याच जातीचे असते.

आपल्या राज्यात या विद्येची खरी कसोटी घाटात लागते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून घाटरस्त्यांवर गाडी हाकणाऱ्या चालकांच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, गिअर काढून गाडी उतारावर सोडू नये, ब्रेक सतत दाबून तापवू नये, वळणावर हॉर्न द्यावा, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हे नियम त्यांनी पुस्तकातून कमी आणि उस्तादाच्या शेजारी बसून अधिक आत्मसात केले. पावसाळ्यात आंबा किंवा माळशेज घाटात धुके उतरले असता, पन्नास प्रवाशांना सुखरूप खाली आणणाऱ्या चालकाच्या चेहऱ्यावर जी शांतता दिसते तिच्यात कौशल्याचा अभिमानही असतो.

या आनंदाला स्वातंत्र्याचीही बाजू आहे. सौदी अरेबियात २४ जून २०१८ पर्यंत स्त्रियांना मोटार चालविण्याची मुभा नव्हती. ती मिळावी म्हणून तेथील स्त्रियांनी अनेक वर्षे झगडा दिला, तो केवळ सोयीसाठी नव्हे. आपल्याकडेही दूरच्या वाडीवरील शाळेत स्वतःच्या स्कूटरने जाणाऱ्या शिक्षिकेला, आता कुणाच्या सोबतीसाठी थांबावे लागत नाही याचे मोल विचारून पाहावे. मात्र हेच स्वातंत्र्य दृष्टिहीन, अपंग आणि वयोवृद्ध यांना आजवर मिळालेले नाही. त्यांच्या दृष्टीने चालकरहित मोटार हेच स्वातंत्र्य ठरेल, हेही विसरता कामा नये.

आनंदाची किंमत

स्वहस्ते गाडी चालविण्याच्या आनंदाची दुसरी बाजू विदारक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. यांतील सर्वाधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले असून, मृतांमध्ये दुचाकीस्वार आणि पादचारी यांचे प्रमाण मोठे आहे. वेगाची मौज एकाने लुटावी आणि तिची किंमत रस्त्याकडेने चालणाऱ्या दुसऱ्याने मोजावी, असा हा व्यवहार आहे. यंत्र दारू पीत नाही, त्याला डुलकी लागत नाही, ते ईर्षेने कुणाला मागे टाकावयास जात नाही. वेमो कंपनीने स्विस री या विमा कंपनीच्या सहभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुमारे ४ कोटी कि.मी. प्रवासानंतर, शारीरिक इजेबद्दलचे विमादावे मानवी चालकांच्या तुलनेत ९२ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यासात कंपनीचाच सहभाग होता आणि हा प्रवास आखीव रस्त्यांच्या अमेरिकन शहरांतला होता, हे लक्षात घेऊनही हा आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

अर्धवट विश्वासाचा धोका

मग अडचण कोठे आहे? ती यंत्र आणि माणूस यांच्या सांध्यावर आहे. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली एका निबंधात एक मार्मिक विसंगती दाखवून दिली. सोपे काम यंत्राकडे गेले की माणसाचा सराव सुटतो. आणि यंत्राला जे जमत नाही असे सर्वांत अवघड काम मात्र ऐन वेळी त्याच सराव सुटलेल्या माणसावर येऊन पडते.

या विधानाचा प्रत्यय दुर्दैवाने आला आहे. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसकडे निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या वेगमापक नळ्यांत बर्फ साचले. वेगाची नोंद विसंगत होताच स्वयंचलित यंत्रणा बंद झाली. विमान अचानक हाती आलेल्या वैमानिकांना ते सावरता आले नाही आणि २२८ जणांना जलसमाधी मिळाली. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेंपी शहरात चाचणीसाठी धावणाऱ्या मोटारीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली. तीत तिचा मृत्यू झाला. धडकेपूर्वी ५.६ सेकंद आधी यंत्राला काहीतरी दिसले होते. परंतु ते वाहन आहे, सायकल आहे की अन्य काही, याविषयी त्याचा निर्णय बदलत राहिला. पादचारी मनुष्य ठरवून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र रस्ता ओलांडील, हा विचारच त्या यंत्रणेच्या रचनेत नव्हता, असे चौकशीत निष्पन्न झाले. देखरेखीसाठी गाडीत बसविलेल्या व्यक्तीचे लक्षही त्या वेळी रस्त्यावर नव्हते.

यासाठी परदेशाकडेच पाहावयास हवे असे नाही. नागपूर-मुंबई हा ७०१ कि.मी. लांबीचा समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर, सरळ व एकसुरी रस्त्यावर चालकाला येणाऱ्या गुंगीची, म्हणजे ‘रस्तासंमोहना’ची, बरीच चर्चा झाली. घाटातील वळण चालकाला जागे ठेवते. सरळ रस्ता त्याला निजवितो. काम पुरते सोपे झाले की लक्ष उडते, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून चालकाने अर्धे लक्ष द्यावे आणि अर्धे यंत्राने, ही वाटणी वरवर सोयीची दिसली तरी सर्वांत धोक्याची आहे.

आपले रस्ते, आपले चालक

चालकरहित यंत्रणा ज्या रस्त्यांवर शिकली, त्या रस्त्यांवर पट्टे स्पष्ट असतात. आपल्या रस्त्यांचा स्वभाव निराळा आहे. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली हैदराबाद व बंगळूर परिसरातील रस्त्यांची सुमारे १०,००० छायाचित्रे यंत्राच्या शिक्षणासाठी तयार केली. त्यांतील वस्तूंची ३४ गटांत विभागणी करताना ऑटोरिक्षा आणि जनावरे यांसाठी वेगळे गट करावे लागले; इतकेच नव्हे तर रस्ता नसलेला, पण वेळप्रसंगी गाडी जाऊ शकेल असा कडेचा भूभागही वेगळा दाखवावा लागला. ऊस भरलेली ट्रॅक्टरची जोडगाडी, आषाढीची दिंडी आणि मेंढरांचा कळप यांतून वाट काढणारा आपला चालक समोरच्याच्या नजरेवरून आणि हातवाऱ्यावरून त्याचा मनोदय ओळखतो. ही भाषा यंत्राला अजून पुरती अवगत झालेली नाही.

रोजगाराचा प्रश्न याहून गंभीर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०१७ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे, चालकांच्या नोकऱ्या जातील या कारणास्तव चालकरहित मोटारींना भारतात वाव देण्यास स्पष्ट विरोध दर्शविला. ट्रक, टॅक्सी, रिक्षा आणि एस.टी. चालविणाऱ्यांच्या कुटुंबांचा विचार करता या भूमिकेमागील कळकळ समजण्यासारखी आहे. दुसरीकडे, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने संशोधनासाठी काही वाहनांना सूट देण्याचा अधिकार केंद्र शासनाला मिळाला आहे आणि हैदराबादच्या आय.आय.टी.मध्ये २०२२ पासून अशा वाहनांचे चाचणीक्षेत्रही उभे आहे. दिल्ली मेट्रोच्या एका मार्गावर तर २८ डिसेंबर २०२० पासून चालकरहित गाडी धावू लागली. कारण तेथे रूळ ठरलेला आणि वाटेत दुसरे कुणी नाही. यंत्राला कोठे मुभा द्यावी, याचे उत्तर यातच सूचित होते.

आपण काय करावे?

हा प्रश्न आपल्या गावापासून दूर आहे, असे पंचायत सदस्यांना वा शिक्षकांना वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्याचे मर्म आजच आपल्या दारात आहे. स्वहस्ते गाडी चालविण्याचा हक्क टिकवावयाचा असेल, तर तो जबाबदारीने वापरला पाहिजे. अन्यथा उद्या तो यंत्राकडे गेला तर तक्रारीस जागा उरणार नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती मोटारसायकल देणे ही कौतुकाची बाब नव्हे. अशा मुलाकडून गुन्हा घडल्यास पालक वा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे ग्रामसभेत वाचून दाखविले पाहिजे. बाजाराच्या दिवशी रस्त्यावरील गर्दीची व्यवस्था, ट्रॅक्टरच्या जोडगाड्यांना मागे परावर्तक पट्ट्या, शाळेसमोर गतिरोधक व फलक ही कामे कोणत्याही संगणकाची वाट न पाहता होण्याजोगी आहेत. शाळांतून वाहतुकीचे नियम शिकविताना, चांगला चालक तो, जो वेगाने जातो तो नव्हे तर ज्याच्या गाडीत वृद्ध माणूस निश्चिंतपणे बसतो, हे मुलांच्या मनावर ठसविले पाहिजे.

वाहन परवान्याच्या शासकीय संगणक प्रणालीला ‘सारथी’ असे नाव आहे. ते समर्पक आहे. सारथ्याचे काम घोडे पळविण्याचे नसून रथातील माणसाला जपण्याचे असते. ते काम यंत्र आपल्यापेक्षा चांगले करील तेथे त्याच्या हाती कासरा देण्यास संकोच नसावा. ओढ्याचा उतार जोवर त्याला ओळखता येत नाही, तोवर मात्र आपण जागे राहिले पाहिजे आणि जागे राहण्याची सवयही मोडू देता कामा नये.