टाच दुखते, इंजेक्शन घेऊ का?

प्रश्न : वय 46, जळगावला शाळेत शिपाई आहे. आठ महिन्यांपासून सकाळी पहिलं पाऊल टाकताच टाचेत कळ येते. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं. इंजेक्शन घेऊ का?

उत्तर : हाडाची धास्ती सोडा, न दुखणाऱ्या टाचांतही ते दिसतं. दुखणं बहुधा तळव्याच्या जाड पट्ट्याचं आहे. उठण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटं नडगीकडे ओढून दहापर्यंत मोजा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, दोन-तीन महिने नेटानं. फरशीवर अनवाणी फिरू नका. तयार सिलिकॉनची टाचपट्टी पुरते. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं आराम लवकर पडतो, पण टिकतो थोडेच आठवडे. वारंवार घेतल्यास पट्टा तुटू शकतो. इंजेक्शनाआधी डॉक्टरांना शॉकवेव्ह उपचाराबद्दल विचारा. आणि खान्देशात कुणीतरी रुईचं पान नि तापलेल्या विटेचा शेक सुचवेलच. मधुमेहामुळे तळवे बधिर असतील तर तो शेक अजिबात नको.