पोटांतील निरोप्या

घास गिळला कीं आपलें लक्ष दुसरीकडे जातें. परंतु शरीराचें काम तेथूनच पुढें चालू होतें. जठरांत अन्नावर तीव्र अम्लाचा संस्कार घडतो व तें अम्लमिश्रित अन्न थोडें थोडें लहान आंतड्यांत उतरतें. तेथील नाजूक अस्तराला इजा होऊं नये व पचनही पुढें चालावें, म्हणून स्वादुपिंड आपला क्षारयुक्त रस नेमक्या वेळीं तेथें सोडतें. ही वेळ त्याला कोण कळवितें?

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांचें मत असें होतें कीं, हा निरोप मज्जातंतूच पोंचवितात. पचनाविषयींच्या संशोधनाबद्दल इ. स. १९०४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. एवढा त्यांचा अधिकार! तथापि १९०२ च्या जानेवारींत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत विल्यम बेलिस व त्यांचे मेहुणे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं ह्या मताची परीक्षा पाहिली. भूल दिलेल्या कुत्र्याच्या आंतड्याच्या एका भागाचे मज्जातंतु त्यांनीं तोडले व रक्तवाहिन्या मात्र शाबूत ठेविल्या. मग त्या भागांत सौम्य अम्ल घातलें. निरोप केवळ मज्जातंतूंतून जात असता, तर रस वाहावयास नको होता. पण तो वाहूं लागला! नुसतें अम्ल रक्तांत सोडल्यानें रस येत नाहीं, हें ठाऊक होतें. तेव्हां अस्तरांतच कांहीं द्रव्य उत्पन्न होत असलें पाहिजे, असा तर्क करून स्टार्लिंग यांनीं अस्तर खरवडलें, वाळू व अम्ल घालून खललें आणि गाळलेला अर्क शिरेंत टोंचला. रस पूर्वीपेक्षांही अधिक वाहूं लागला.

ह्या द्रव्याला ‘सिक्रेटिन’ हें नांव मिळालें. रक्तांतून निरोप नेणाऱ्या अशा द्रव्यांना १९०५ मध्यें स्टार्लिंग यांनीं ‘चेतविणें’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘हॉर्मोन’ म्हटलें. मनुष्याच्या देहांतही हीच व्यवस्था आहे: अम्लाचा स्पर्श होतांच सिक्रेटिन रक्तांत उतरतें; अम्ल शमलें कीं तें कमी होतें. मनुष्याचें व डुकराचें सिक्रेटिन प्रत्येकीं २७ अमिनो अम्लांचें असून त्यांत भेद अवघ्या दोन ठिकाणीं आहे. म्हणूनच डुकराच्या आंतड्यांतून काढलेलें सिक्रेटिन टोंचून वैद्यांना रोग्याच्या स्वादुपिंडाची परीक्षा करितां आली.

पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेंत हा प्रयोग पुनः करून पाहण्यांत आला, आणि फळ तेंच दिसल्यावर त्यांनीं तें मान्य केलें. मज्जातंतूंचाही ह्या कार्यांत वांटा आहे, हें पुढें ठरलेंच. परंतु ते एकटे नव्हेत. विद्यार्थिमित्रांनो, ज्यांनीं थोरांचें मत पारखून पाहिलें ते धन्य. आणि सत्य दिसतांच ज्यानें आपलें मत सोडलें, त्याचें थोरपण तिळभरही उणें झालें नाहीं.